माल तोच, नावं दोन

सुधाकर,

तुझ्या घरी भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगून गेला, सर फार शांत होते. मी मान हलवली. मनात म्हटलं, शांत असणारच, त्याच्या वाटची सगळी भांडणं मी करत आले. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून रेक्टरशी मी भांडले. मार्कमेमोवर तुझं नाव चुकलं तेव्हा खिडकीतल्या बाबूशी मी भांडले. तुझ्या लग्नाच्या बोलणीत मंगलचा बाप आडवं बोलला तेव्हाही मीच. तू माझ्या मागं हात बांधून उभा. लोकांना तेवढंच दिसलं.

फक्त एकदा तू माझ्यासमोर उभा राहिलास, आणि ते भांडण अर्धं टाकून गेलास.

तुझ्या कॉलेजवाल्यांनी तुझ्यावर पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. बहिणीनं चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला. मला गोड लिहिता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. ते तुझे गुण लिहितील, तुझे विद्यार्थी कुठं कुठं डॉक्टर झाले ते लिहितील. मी आपलं राहिलेलं लिहिते.

तुझ्या लातूरच्या घरी त्या पुढच्या खोलीत मी दहा दिवस बसले. मला बसायची सवय नाही, तुला माहीत आहे. भिंतीला टेकून बायका, दाराशी चपला, वर पंखा गरम वारा खाली ढकलतोय. नवीन कुणी आलं की रडणं पुन्हा पहिल्यापासून. मंगलच्या मावशीनं तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही परघरी दिलेल्या, तुम्हाला दहा दिवसांचं सुतक नाही, नांदेडला धंदा पडला असेल, जायचं तर जा. चैत्राचं ऊन, लग्नसराई, माझ्या सोडाबाटल्यांच्या धंद्याला हीच वर्षातली कमाईची वेळ. नायगाव, बिलोलीची गिऱ्हाइकं फोनवर फोन करत होती. तरी मी उठले नाही.

लोकांना वाटलं, बहिणीची माया. माया होतीच. पण आतल्या खोलीत माझी आरती होती. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला ती दोन वर्षं तुझ्या घरी राहिली. पहिल्या वेळी मार्क कमी पडले म्हणून दुसऱ्यांदा बसायचं होतं. ती तुझ्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून बसलेली, माझ्याशी अक्षर बोलत नव्हती. मी एकटी उठून गेले असते तर ती तिथंच राहिली असती. आणि चारचौघांत ‘चल’ म्हटलं असतं तर ‘न्हाई’ म्हणाली असती. तो ‘न्हाई’ ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून बसून राहिले. ती आत, मी बाहेर, मध्ये एक पडदा.

तुला तो वैशाख आठवतो का? आरती तेव्हा लहान होती, आपला सोड्याचा कारखाना नवा होता. अजीमभाई टेंपोत सोड्याचा गॅस घेऊन आले होते. आमच्या धंद्यात सिलेंडर घेण्याची रीत ठरलेली आहे. काट्यावर कुणाचा विश्वास नसतो, काटा मारता येतो. सिलेंडर बुडाच्या कडेवर तिरपा करायचा, एक हात मानेवर, एक पोटावर, आणि हलवायचा. आत डचमळलं की माल भरलेला. हाताला ते कळतं. गाड्यावर सोडा विकायचे तेव्हापासून मी हातानंच माल घेत आले आणि एकदाही फसले नाही.

त्या दिवशी एकही सिलेंडर डचमळला नाही. मी सगळे हलवले. मी अजीमभाईंना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बिचारे पिढ्यान्‌पिढ्या गावात धंदा करणारे, पांढरी दाढी, रस्त्यावर माणसं जमली. ते एकच म्हणत होते, ताई, काट्यावर टाका ना एकदा, मी काय खाली हात आलो का. मी टेंपो परत पाठवला. मग दुसऱ्या कुणाकडून आणवला, तोही डचमळेना. तोही पाठवला. भर सीझनमध्ये कारखाना बंद ठेवून मी उंबऱ्यात बसून राहिले. सगळं गाव मला फसवायला निघालंय अशी माझी खात्री होती.

तू सुट्टीला आलास. ऐकून घेतलंस, हसला नाहीस. अजीमभाईंना निरोप धाडलास की एक सिलेंडर घेऊन या. बाटल्या धुवायच्या हौदात तो आडवा केलास आणि आपल्या बर्फाच्या लाद्या फोडून त्याच्यावर रचल्यास. वर पोतं. मी म्हटलं, हे काय करून राहिलास, लग्नाच्या ऑर्डरीचा बर्फ हाय तो. तू म्हणालास, थांब जरा. आम्ही तिघं हौदाच्या काठावर चहा पीत बसलो. मग तू सिलेंडर बाहेर काढून उभा केलास आणि मला म्हणालास, हलव.

डचमळला.

अजीमभाईंनी आकाशाकडं हात उचलले. मी मात्र वाकून बुडाशी कुठं भोक पाडून पाणी तर घातलं नाही ना ते बघत होते.

तेव्हा तू मला ते दोन शब्द सांगितलेस. एक बाष्प, एक वायू. आपण दोन्हीला गॅसच म्हणतो. तू म्हणालास, “अक्का, जे नुसतं दाबलं की पातळ होतं ते बाष्प. कितीही दाबलं तरी पातळ होत न्हाई तो वायू. त्याला आधी गार करावं लागतं.” प्रत्येक मालाची एक गरमी ठरलेली असते, तिच्या खाली तो बाष्प आणि वर गेला की वायू. सोड्याच्या गॅसची ती एकतीस अंश. म्हणून हिवाळ्यात सिलेंडर डचमळतो आणि आपल्या वैशाखात डचमळत नाही. माल तेवढाच आहे, कुणी काढला नाही, फक्त तो आता पातळ राहायला तयार नाही.

मी म्हटलं, माल एक आणि नावं दोन, हा तर गिऱ्हाइकाला फसवायचा धंदा झाला. तू म्हणालास, मग तुझ्या चुलीवर जळतो तो तरी कुठं वायू आहे, तो दाबून पातळ केलेला आहे, ते बाष्पच. मी म्हटलं, जा मग एजन्सीच्या पाटीवर बाष्प लिहून ये, बघू किती लोक रांग लावतात. अजीमभाई हसले. मला हरायची सवय नाही, म्हणून वितळलेल्या बर्फाचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले.

पुढं वर्षानुवर्षं आपण यावरून भांडलो. राखीला, दिवाळीला, फोनवर. मी म्हणायचे, वस्तूचा स्वभाव एकच असतो, नावं ठेवणारे शहाणे असतात. तू म्हणायचास, स्वभाव वगैरे काही नसतं अक्का, आज वायू आहे तो थंडीत बाष्प होईल. नाव एवढ्यासाठी ठेवायचं की बघणाऱ्याला कळावं, आत्ता याच्याशी कसं वागायचं. दाबायचं, का थांबायचं. हे तू नेहमीच्या मऊ आवाजात म्हणायचास आणि मला वाटायचं, याला पगार मिळतो म्हणून याला असं बोलायला परवडतं.

हे लिहिताना तुझा उजवा अंगठा डोळ्यांसमोर येतो. आरतीचे वडील गेले तेव्हा तू सगळं सोडून नांदेडला आलास आणि बाटल्या भरायच्या मशीनवर बसलास. तुला ते काम येत नव्हतं. बाटली फुटली, काच अंगठ्यात गेली. फडकं गुंडाळून तू पुन्हा बसलास आणि मला सांगितलं नाहीस, कारण मी आत बांगड्या फोडलेल्या हातांनी बसले होते. ते मला नंतर अजीमभाईंनी सांगितलं. तू नेहमी असंच करायचास. चांगलंही मला न सांगता, आणि वाईटही.

आता वाईटाचं.

मार्गशीर्षात मी कुणाला न कळवता लातूरला आले. हुरड्याची पिशवी होती हातात. म्हटलं क्लासच्या दारातच पोरीला गाठू, तिला हुरडा आवडतो. क्लास सुटला, पोरांचा लोंढा बाहेर आला, संपला. आरती नाही. नायगावची एक मुलगी आम्हाला ओळखत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, “काकू, आरती तर लई दिवस झाले येतच न्हाई. तुम्हाला माहीत न्हाई व्हय?”

तिथून तुझं घर चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी काय काय मनात आणलं ते तुला कळणार नाही, तुला मुलगी नाही. जिना चढताना मला तिचं हसणं ऐकू आलं. स्वयंपाकघरात मंगल पोळ्या लाटत होती, आरती भाजत होती, आणि दोघी कशावरून तरी खिदळत होत्या. तिचं तसं हसणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मी दारात दिसले आणि ते थांबलं.

तू आतून आलास. मला बघून तुझ्या लक्षात आलं. तू पळवाट काढली नाहीस, तेवढं मी मान्य करते. म्हणालास, “मीच म्हणलं तिला, महिनाभर जाऊ नको. झोप, जेव.” पुस्तकाचं एकच पान उघडून पोर तासन्‌तास बसायची, ताटावरून उठून जायची, हे तू मला तेव्हा सांगितलंस. मी विचारलं, हे मला का कळवलं नाही? तू म्हणालास, “कळवलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस.”

“आले असते.”

“म्हणून.”

मी तुझ्या घरात तुझ्या बायकोसमोर तुला जे बोलले ते बोलले. परीक्षा तिला द्यावीच लागेल, डोक्यावर बाटल्यांची क्रेट वाहायला मी तिला जन्माला घातलं नाही, आणि ऐकत नसेल तर कशी ऐकवायची ते मला येतं. तेव्हा तू म्हणालास, दाबून काही होणार नाही. मला तो हौद आठवला आणि माझं डोकं आणखी फिरलं. मी म्हटलं, माझी पोर काय सिलेंडर हाय? तिला वायू म्हणून राहिलास?

तू म्हणालास, “तिला कुठं? तुला म्हणतोय. तुला किती बी समजावा, तू पातळ होत न्हाईस. आधी गार हो अक्का, मग बोलू.”

मी म्हटलं, “मी गार झाले असते तर तू सर झाला नसतास.”

मी जिना उतरले. हुरड्याची पिशवी तुझ्या दारातच राहिली.

त्यानंतर तुझा फोन आला नाही, मीही केला नाही. आरती मात्र दुसऱ्या दिवसापासून क्लासला जाऊ लागली. मी सांगितलं म्हणून. रोज फोन लावून विचारायचे, गेलीस का? ती म्हणायची, हाव. जेवलीस का? हाव. क्लासचा पेपर कसा गेला? बरा. माझ्याकडं हुकूम होता, तिच्याकडं हाव होता. त्या हावमध्ये आरती कुठंच नव्हती. सिलेंडर हलवून बघावा आणि हाताला काहीच लागू नये, तसं ते होतं. मला ते कळत होतं. तरी मी रोज तोच फोन लावत होते, कारण लावला नाही तर काय करायचं ते मला येत नव्हतं.

आणि मग मंगलचा फोन आला. तू शिकवून घरी आलास, बूट काढायला खाली बसलास आणि उठला नाहीस. मी टॅक्सीत बसून नांदेड ते लातूर पूर्ण वाट तुझ्याशी भांडत आले. अहमदपूरजवळ ड्रायव्हरनं विचारलं, बाई, फोनवर बोलून राहिल्या का? माझ्या हातात फोन नव्हता.

दहाव्या दिवशी सगळे नांदेडला आलो, दहावा गोदावरीवर केला. पिंड मांडले, सगळे लांब सरकले. कावळे होते. पलीकडच्या भिंतीवर बसलेले दिसत होते. एकही खाली येईना. ऊन वाढू लागलं, पायऱ्या तापल्या. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय, मग मागच्यांनी एकेक वचन द्यायचं. मंगल म्हणाली, मी नोकरी सोडणार नाही, रडत बसणार नाही. कावळा आला नाही. तुझ्या कॉलेजातले एक सर म्हणाले, तुमच्या वर्गाचा अभ्यासक्रम आम्ही पुरा करू. नाही आला. मग एकेकाची मान माझ्याकडं वळली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. दहा दिवस त्या पडद्याआड दुसरं काय बोलणं चाललं असणार.

भावकीतले नारायणकाका म्हणाले, “अक्का, तुझ्यापाशीच अडलंय. पोरीला मोकळं करते म्हण एकदा. जाऊ दे त्याला.”

मंगलची मावशी म्हणाली, म्हणा की. मंगल माझ्याकडं नुसती बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, भावापेक्षा हट्ट मोठा झाला का. माझ्या पाठीला गरम भिंत, पुढं माणसं, खाली पिंडात तू. एक वाक्य म्हटलं असतं तर सुटले असते. सगळं आयुष्य मी दुसऱ्याला अशा कोपऱ्यात आणून सौदा केला, मला ती जागा चांगली ओळखीची होती. पण मी म्हटलं, कावळ्यासमोर मी बोली करत न्हाई.

“अगं बाई, तुझा सख्खा भाऊ,” काका ओरडले.

आणि आरती बोलली. तिच्या हातात पाण्याची कळशी होती. दहा दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. “मामा असं कुणालाच करत नव्हते,” ती म्हणाली. “सोडा आईला.”

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. खरे कावळे भिंतीवरच राहिले.

घरी येताना ऑटोत आरती माझ्या शेजारी बसली. मध्येच, समोर बघत म्हणाली, त्या दिवशी तू गेल्यावर मामा लई वेळ जिन्यात उभे होते. मग आत येऊन म्हणाले, अक्का बोलली ते खरं हाय.

सुधाकर, हे तू तिला सांगितलंस. भाचीला सांगितलंस, बायकोला सांगितलंस असशील. मला एक फोन लावून सांगायला तुझं काय गेलं असतं? मी ऑटोवाल्याच्या पाठीकडं बघत राहिले. भांडण मी जिंकले होते, आणि ते मला कळायला तुझा दहावा व्हावा लागला.

मंगल लातूरला परत गेली. आरती गेली नाही. मी राहा म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. ती सकाळी कारखान्यात येऊन बसते, काही करत नाही, बाटल्यांकडं बघते. परीक्षा तोंडावर आली आहे. परवा उन्हं चढायच्या आत मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. विचारलं, परीक्षेला बसणार का? ती म्हणाली, न्हाई.

सौद्याचा एक नियम मी पोटाशी धरून जगले. समोरच्यानं नाही म्हटलं की गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो खाली येतो. मी गप्प बसले. तीही गप्प बसली, माझीच पोर ती. आतून सगळं वर येत होतं. तिची दोन वर्षं, माझे गाड्यावरचे दिवस, तू, तो जिना. तिला ते दिसलं असणार. म्हणाली, “आई, ओरडायचं तर ओरड.”

मी म्हटलं, “ओरडायचंच हाय. थांबलेय.”

मग मी विचारलं, तुला करायचं तरी काय आहे? ती म्हणाली, माहीत न्हाई. यापुढं काय विचारायचं असतं ते मला माहीत नाही. तू असतास तर तुला माहीत असतं. मी ‘बरं’ म्हटलं. तिथून उठून जावं असं फार वाटलं, पण उठले नाही. तीही उठली नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझी पोर महिनाभर माझ्यापासून लपवलीस हे मी तुझ्या फोटोसमोर, मंगलच्या देखत बोलून दाखवलं आहे आणि इथंही लिहून ठेवते. पुस्तिकेवाल्यांना गाळायचं असेल तर गाळू देत. पण परीक्षेच्या दिवशी आरती परीक्षेला नाही, माझ्या घरी असेल. हे माझ्याकडून कुणी वदवून घेतलेलं नाही. त्यानंतरच्या दिवशी ती कुठं असेल ते तिला माहीत नाही, मलाही नाही, आणि ते न विचारता मला तिच्यासमोर बसायचं आहे.

तुझी,
अक्का